माणूस आत आहे

माणसं नसताना एखादी शिक्षणसंस्था हवेत किती कार्बन सोडते, हे मोजायची संधी सहसा मिळत नाही. चौतीस सालच्या साथीने ती दिली. धामणटेकची कृषितंत्र संस्था त्या वर्षी सात महिने बंद होती. तेराशे विद्यार्थी आणि दोनशे दहा कर्मचारी घरी गेले. वीज सांभाळायला आत एकच माणूस ठेवला होता. ते माझे वडील, एकनाथ डुंबरे. सगळे त्यांना तात्या म्हणत, मीही तात्याच म्हणायचे. ऑगस्टमधल्या एका रविवारी त्यांना तिथून पांढऱ्या गाडीतून बाहेर आणलं. देह आम्हाला दिला नाही. दाखल्यावर वेळेच्या रकान्यात 'अज्ञात' लिहिलं होतं.

माझं काम कार्बनची पाऊलखूण मोजण्याचं; आठवड्यातून काही तास तेच शिकवतेही. महाविद्यालयं, रुग्णालयं, वसतिगृहं. वीज, डिझेल, गॅस, प्रवास यांतून वर्षाला किती टन कार्बन हवेत गेला ते काढायचं आणि खाली सही करायची. यंदा जानेवारीत धामणटेकच्या संचालक डॉ. मंजिरी हर्डीकर यांचा फोन आला. संस्थेला 'शून्य कार्बन' प्रमाणपत्र हवं होतं, आणि साथीच्या वर्षाचे आकडे नव्याने तपासल्याशिवाय ते मिळणार नव्हतं.

"तुमचे वडील आमच्याकडे होते, याची कल्पना आहे मला," त्या म्हणाल्या. "नाही म्हणालात तरी चालेल."

मी हो म्हटलं. आईला सांगितलं तेव्हा ती ओतूरच्या घरी गवार मोडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"खोली बघून ये फक्त," म्हणाली.

तात्या गेल्याचं कळलं त्या रविवारी आईने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दिवा लावला होता. दिव्याभोवती ज्वारीचं पीठ चाळून पसरलं आणि वर बांबूचं डालगं झाकलं. गेलेला माणूस निघताना पिठावर पाऊल उमटवून जातो, म्हणतात. कुणाला पाखराचं दिसतं, कुणाला मुंग्यांची ओळ. सकाळी डालगं उचललं तर पीठ चाळलं होतं तसंच होतं. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"निघालेच नाहीत ते," म्हणाली.



*

चौतीसचे आकडे मी तीन आठवडे तपासले. आदल्या वर्षी संस्थेची पाऊलखूण एकतीसशे टनांची होती, साथीच्या वर्षी सतराशेंची. बस बंद, मेस बंद, वसतिगृहांचे गीझर बंद. संस्थेने तेव्हा पत्रक काढून स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. पण तेराशे मुलं तेराशे घरांत पंखा आणि फोन लावून शिकत होती आणि त्यांचा स्वयंपाक तेराशे शेगड्यांवर होत होता. कार्बन बराचसा मुलांबरोबर घरी गेला होता, तो कुणी मोजला नाही.

उरलेले सतराशे टन कुठून आले, तेही स्पष्ट होतं. बियाण्यांची शीतगृहं, संगणक आणि वाढकक्ष. वाढकक्ष म्हणजे काचेच्या मोठ्या खोल्या. त्यांत सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडून शंभर वर्षांनंतर असेल तशी हवा तयार करतात आणि तिच्यात ज्वारी कशी येते ते बघतात. चार तास वीज गेली असती तर बारा वर्षांचं काम गेलं असतं. तात्या थांबले ते त्यासाठी. शिवाय आईची फुप्फुसं अधू. रोज ये-जा करून घरी आजार आणायचा नाही, हे त्यांनी आम्हाला न विचारता ठरवलं होतं.

अशा रिकाम्या वर्षाचा माझ्या कामात एक उपयोग असतो. संस्था झोपेत किती खाते ते कळतं. आजच्या पाऊलखुणेतून तेवढं वजा करायचं, मग माणसांचा वाटा वजा करायचा. खाली काही उरायला नको. मला उरत होतं. महिन्याला ऐंशी युनिट वीज, म्हणजे छत्तीस किलो कार्बन. पुण्याहून नाशिकला एक गाडी गेली तर होतो तेवढा. मी सोडून देणार होते. पण सात वर्षं, दर महिन्याला, परीक्षेत, दिवाळीत, मे महिन्याच्या सुट्टीत, ते छत्तीसच्या आसपासच होतं. चूक इतकी नेमाने होत नाही.

मी आकडा तासातासाला फोडला. जागा सापडली: जुनं वीजघर, खोली सात. मग दिवसाची रेघ काढली. पहिल्या वर्षीच्या रेघेत पहाटे साडेपाचला एक टोक वर जायचं आणि सात मिनिटांनी खाली यायचं. सहाला पंखा. दुपारी दोन ते तीन दिवा बंद. चारला पुन्हा सात मिनिटांचं टोक.

साडेपाचला चहा, दोनला आडवं होणं, चारला चहा. या रेघेच्या आजूबाजूने मी लहानाची मोठी झाले होते. धामणटेकला तात्या राहत होते त्या खोलीचा नंबर सात होता.

*

डॉ. हर्डीकरांनी कागद चष्मा लावून बघितला, मग चष्मा काढून बघितला.

"उपकरणदोष लिहिता येणार नाही का?"

"येईल. पण दोष म्हातारा होत नाही, मॅडम."

"म्हणजे?"

मी सात वर्षांच्या रेघा एकाखाली एक ठेवल्या. सकाळचा चहा साडेपाचवरून सरकत सरकत सहावर आला होता. दुपारी दोन ते तीन दिवा बंद असायचा, आता साडेतीनपर्यंत असतो. थंडीत पंखा लागेनासा झाला होता.

"आणि हे हवेचं," मी म्हटलं. "त्या खोलीत कार्बन डायऑक्साइड मोजणारं उपकरण आहे. बाहेरच्या हवेत हा आकडा साडेचारशे असतो. बंद खोलीत एक माणूस बसला तर त्याच्या श्वासाने सातशेच्या वर जातो, झोपला की उतरतो. इथे तो रोज सातशेच्या वर जातोय आणि उतरतोय."

"कुणी राहतंय तिथे?"

"कुलूप आहे. किल्ली रज्जाकभाईंकडे असते."

"मग त्यांनाच विचारा." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "आणि सोलरची नवी लाईनही त्याच वीजघरात अडकलीय. ते म्हणतात, पाटी आहे. कसली पाटी ते मला तीन वर्षांत समजलेलं नाही. मी विचारलं की ते म्हणतात, पाटी म्हणजे पाटी. मार्चअखेर तपासणी आहे. तोपर्यंत एकतर माणूस दाखवा किंवा आकडा काढा."

*

रज्जाक आतार तात्यांबरोबर तेवीस वर्षं खांबांवर चढले होते. आता गुडघ्यांनी चढू देत नाहीत, म्हणून वीजघर सांभाळतात. मी गेले तेव्हा ते दारातच उभे होते, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"ये, कल्याणी. वजन कमी झालंय तुझं."

"तुमचं वाढलंय, चाचा."

"बसून खातो ना. तुझा बाप असता तर हाकललं असतं." त्यांनी माझ्या हातातल्या कागदांकडे बघितलं. "सापडलं तर तुला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"चल आत. आधी बघ, मग बोलू."

वीजघराच्या लांब बोळात लोखंडी कपाटांसारखी पॅनेलं उभी होती. शेवटच्या पॅनेलचं हँडल खाली ओढलेलं होतं आणि त्याला तारेने एक पत्र्याची पाटी अडकवलेली होती. पिवळ्यावर लाल रंगाने 'माणूस आत आहे'. अक्षर तात्यांचं. 'ण' रंगवताना त्यांचा ब्रश नेहमी जरा जास्त भरायचा.

वायरमनांचा हा नियम मी शाळेत जायच्या आधी शिकले होते. लाईनवर काम करायला जाणारा हँडल खाली ओढतो आणि आपल्या हाताने पाटी लावतो. ज्याने लावली त्यानेच काढायची. साहेब आला, मंत्री आला, दुसऱ्याने हात लावायचा नाही. जोडीदाराने लाईन सोडायच्या, म्हणजे वीज परत चालू करायच्या आधी नाव घेऊन तीन हाका मारायच्या आणि त्या माणसाने बाहेर येऊन 'ओ' द्यायची. आतून दिलेली 'ओ' चालत नाही.

"तिसऱ्या महिन्यात लावली होती त्याने ही," चाचा म्हणाले. "पॅनेलची दुरुस्ती काढली होती. अर्धी झाली."

त्यांनी खोली सातचं कुलूप काढलं.

आतला दिवा चालू होता. पंखा नव्हता. कॉट, लोखंडी खुर्ची, खुंटीवर छत्री. जमिनीवर धुळीचा सारखा थर, त्यावर फक्त चाचांच्या चपलांचे ठसे, दारापासून कोपऱ्यातल्या विजेच्या शेगडीपर्यंत आणि परत. हवा कोंदट होती. शाळा सुटल्यावर वर्गात असते तशी, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर लिहिलं होतं: माणूस आहे. हवा ठीक. ७२४.

"शेगडी नवी दिसतेय," मी म्हटलं.

"कॉइल दोनदा बदलली."

"का?"

"बंद पडली की राखणदार मला तक्रार धाडतो. खोली सात, चहाचा प्लग चालत नाही, माणूस खोळंबलाय." त्यांनी खांदे उडवले. "मग काय करू? बदलली."

*

राखणदार म्हणजे संस्थेची वीज आणि हवा चालवणारं यंत्र. साथीच्या वर्षभर आधी बसलं. कागदावर त्याचं नाव लांबलचक आहे, ते वीजघरात कुणी घेत नाही.

राखणदार अंदाज करतो. पुढच्या पंधरा मिनिटांत अमुक खोलीत किती माणसं असतील, किती वीज लागेल, हवेत कार्बन डायऑक्साइड किती असेल. मग प्रत्यक्ष मोजतो. दोन्हींत फरक आला तर तो मिटवायचा, एवढंच त्याला शिकवलेलं आहे. फरक दोन तऱ्हांनी मिटतो. अंदाज बदलायचा, किंवा खोली बदलायची. हवामान खात्याचा अंदाज चुकला तर खात्याला पाऊस पाडता येत नाही. राखणदाराच्या हातात दिवे, पंखे, प्लग आणि हवेच्या नळांच्या झडपा होत्या. त्याला पाडता येत होता.

एरवी तो अंदाजच बदलतो. खोलीत हालचाल नाही, तर खोली रिकामी, दिवा बंद. तात्यांना याचा राग यायचा.

"पेपर वाचत बसला की दिवा जायचा," चाचा म्हणाले. "मग वाचता वाचता एक हात हलवायचा. मला फोनवर म्हणाला, रज्जाक, या यंत्राला गप बसलेला माणूस मेलेला वाटतो. मग त्याने यंत्रातपण पाटी लावली."

राखणदार बसवणाऱ्या कंपनीच्या मुलांशी तात्या वर्षभर भांडले होते आणि वायरमनांचा नियम त्यांनी यंत्रात घालून घेतला होता. पाटी लागली की आत माणूस आहे हे ठरलं, ते यंत्राने बदलायचं नाही. लावणाऱ्यानेच काढायची. या एका वाक्यावर उद्या कुणाचा तरी जीव वाचेल, असं ते घरी जेवताना सांगत होते, ते मला आठवतं.

मग खोली सातमधला माणूस श्वास घेईनासा झाला. राखणदाराला फरक दिसला. अंदाज बदलायला पाटीची बंदी होती. दुसरी तऱ्हा उरली. वाढकक्षातली थंड हवा वाया जाऊ नये म्हणून ती एका नळाने वीजघराकडे आणलेली होती. राखणदाराने त्या नळाची झडप जराशी उघडली. ज्वारीसाठी तयार केलेली शंभर वर्षांनंतरची हवा खोलीत येऊ लागली, एका माणसाच्या श्वासाला पुरेल इतकी. तो झोपायच्या वेळी कमी, उठायच्या वेळी जास्त. पुढे संस्था उघडली, तेव्हा शेजारच्या वर्ग तीनमधली हवाही तो घेऊ लागला. साठ मुलांच्या श्वासांतून एका माणसाचा. आणि संस्थेतल्या इतर वयस्क लोकांच्या खोल्या बघून, माणूस वर्षावर्षाने कसा थकतो तेही शिकला.

हे सगळं मी खुर्चीवर बसून, झडपांची जागा आणि नळांचा नकाशा बघून अर्ध्या तासात जुळवलं. अवघड नव्हतं. यात कुणाची चूक काढता येत नव्हती, यंत्राचीसुद्धा.

"चाचा, त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारचं सांगा," मी म्हटलं.

ते कॉटच्या कडेवर बसणार होते. बसले नाहीत, भिंतीला टेकले.

"मी रोज फाटकावर डबा ठेवायचो. आत यायची बंदी. शुक्रवारचा डबा संध्याकाळी तसाच. शनिवारचापण तसाच. फाटकावर राखणदाराचा बोर्ड आहे, बघितलास ना? त्यावर लिहिलेलं, खोली सात, माणूस आहे. म्हटलं, तोंडाला चव नसेल. तेवीस वर्षं पाटी बघून जीव सांभाळला, कल्याणी. पाटीवर अविश्वास करायचं मला कुणी शिकवलंच नाही. रविवारी वास… रविवारी मी भिंत चढलो."

बोळात पंखा फिरत होता. मी माझं सांगितलं. हे मी आईलाही सांगितलेलं नव्हतं.

त्या शुक्रवारी अकरा वाजून चार मिनिटांनी तात्यांचा फोन आला होता. मी घरून तास घेत होते. फोन कापून लिहिलं, 'तासावर आहे, नंतर करते.' त्यांनी उत्तर दिलं, 'बरं.' चारला त्यांची चहाची वेळ, म्हणून चारला केला. उचलला नाही. मग मी फोनवरच राखणदाराचं पान उघडलं. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना ते दिसायचं. माणूस आहे. हवा ठीक. मी चहा करायला उठले. शनिवारी सकाळी बघितलं, माणूस आहे. शनिवारी संध्याकाळीही होता.

ओतूरहून धामणटेकला गाडीने चाळीस मिनिटं लागतात.

"चारला ते होते की नव्हते, एवढंच मला कळायला हवंय," मी म्हटलं. "नसतील, तर मी काही करू शकले नसते."

सात वर्षं मला हेच हवं होतं, की राखणदार माझ्याशी खोटं बोललेला असावा.

"मग पाटी काढ," चाचा म्हणाले. "पाटी निघाली की तो कामाची पूर्ण नोंद दाखवतो. काम चालू असेपर्यंत दाखवत नाही."

"लावणाऱ्यानेच काढायची ना?"

त्यांनी भिंतीवरच्या पडद्याला बोट लावून एक पान उघडलं. पाटी लावणारा: ए. डुंबरे. काढण्याचा अधिकार: ए. डुंबरे, कल्याणी.

आडनाव घातलेलं नव्हतं. नुसतं कल्याणी, घरात हाक मारतात तसं.

"दुसरं नाव जोडीदाराचं टाकायचं असतं," चाचा म्हणाले. "माझं टाकायला हवं होतं. मी विचारलं तर म्हणाला, तू माझ्या आधी मरशील, सिगरेटी ओढतोस."

"हे सात वर्षं सांगितलं नाहीत मला."

"तू आली नाहीस. आणि…" ते शेगडीकडे बघत होते. "काढली की संपलं ना. मी रोज कुलूप उघडून बघायचो, सातशेवीस. बरं वाटायचं."

कोपऱ्यात टक असा आवाज झाला. प्लग चालू झाला. शेगडीवर भांडं नव्हतं. कॉइल हळूहळू लाल होत गेली आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत उभे राहिलो. मी घड्याळ बघितलं नाही. सात मिनिटांनी पुन्हा टक झालं.

खरं सांगायचं तर मला त्या वेळी उठून जावंसं वाटलं. छत्तीस किलोंसाठी कुणाचं काही अडत नव्हतं. उपकरणदोष लिहायचा, सोलरची लाईन दुसऱ्या पॅनेलवरून घ्या म्हणायचं. दर वर्षी येऊन चार वाजता या खुर्चीवर बसायचं. आईलाही आणता आलं असतं. तिने तर विचारलंही नसतं, दारातूनच हवा ओळखली असती.

आणि राखणदाराने त्यांना म्हातारं करत नेलं असतं. सहाचा चहा साडेसहाला. दुपार लांबत जाणार. एक दिवस त्याच्या अंदाजात तात्या उठलेच नसते. ते मला पुन्हा घरी बसून पडद्यावर बघायचं नव्हतं.

"हाका मारा, चाचा," मी म्हटलं.

ते बोळात गेले, पॅनेलपाशी उभे राहिले. आयुष्यभर त्यांना तात्या म्हणणारा माणूस घसा साफ करून म्हणाला, "एकनाथ."

थांबला.

"एकनाथ."

वाढकक्षाच्या नळात हवा सरकल्याचा बारीक आवाज येत होता.

"एकनाथ."

मी अगदी मनापासून ऐकलं. मग पडद्याला बोट लावलं. त्याने विचारलं, काम संपले का? मी 'होय' दाबलं.

नोंद लगेच आली. लांब यादी, दर पंधरा मिनिटांची एक ओळ, दोन रकाने: खोलीतून, बाहेरून. मी शुक्रवारवर गेले. अकरा: बाहेरून शून्य. दोन: बाहेरून शून्य. चार वाजता: खोलीतून सगळं, बाहेरून शून्य. पाच, सहा, आठ, शून्य. शनिवार पहाटेपर्यंत मी एक एक ओळ वाचली. पाच पंचेचाळीसला पहिल्यांदा बाहेरून आकडा आला. सहाला तो पूर्ण होता, आणि तिथून पुढे सात वर्षं पूर्ण होता.

राखणदार माझ्याशी खोटं बोलला नव्हता. चारला माणूस होता. मी चहा करायला उठले त्यानंतर पावणेचौदा तास होता.

"काय म्हणतो?" चाचांनी बोळातून विचारलं.

"शनिवारी पहाटे. पावणेसहा."

मी शुक्रवारच्या डब्याचा विचार करत होते. चाचाही तोच करत असणार.

छताजवळची झडप करकरली. बाहेरची थंड, कोरडी हवा आत आली. पडद्यावरचा आकडा उतरू लागला. सातशे दहा. सहाशे नव्वद. माणूस उठून गेल्यावर खोलीची हवा कशी उतरते, ती रेघ मी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवते. सुरुवातीला भराभर, मग सावकाश, शेवटी बाहेरच्या हवेला जाऊन मिळते. तात्यांच्या खोलीत ती रेघ कधी उमटलीच नव्हती. मी खुर्चीवर बसून बघत राहिले. सहाशे साठ. सहाशे तीस. सहाशे दहा.

सहाशे दहावर आकडा थांबला.

मी पाच मिनिटं वाट बघितली, मग दहा. सहाशे दहा. साडेचारशेला जायला हवा होता. माझ्या मानेवर काटा आला. मी कॉटकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं. मग पडद्यावर ओळ उमटली:

खोलीत माणूस आहे. पाटी लावायची का?

तेव्हा मला कळलं. मी श्वास घेत होते.

प्रश्न तसाच होता. दिवा लखलखीत होता, खुर्चीला पाठ टेकली की बरोबर तात्यांच्या उंचीवर टेकत होती, आणि चहाची शेगडी अजून कोमट होती. हो म्हटलं असतं तर राखणदाराने मला इथे नीट ठेवलं असतं. त्याला जमतं ते.

मी 'नाही' दाबलं आणि उठले. खुंटीवरची छत्री घेतली. धुळीत आता चाचांच्या ठशांशेजारी माझे होते, येणारे आणि जाणारे. दार ओढून घेतलं. बोळाच्या टोकाला पॅनेलपाशी गेले आणि हँडलवरची तार सोडवून पाटी काढली. पत्रा गार होता.

चाचांनी हँडलला दोन्ही हात लावले. ते माझ्याकडे बघत नव्हते, समोर भिंतीकडे बघत होते. नियम तसाच आहे, बघून चालत नाही, ऐकावं लागतं.

"कल्याणी," त्यांनी हाक मारली.

मी पाटीची सुटी तार बोटाभोवती गुंडाळली.

"कल्याणी."

मी पाटी छातीशी धरली. ते थांबले. त्यांना घाई नव्हती.

"कल्याणी."

"ओ," मी म्हटलं. "बाहेर आहे."